नाताळानंतरची कानगोष्ट

३० नोव्हेंबर, रविवार

आजपासून नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारातच थांबवलं. "नाताळचं नाटक यंदाही तुमच्याकडेच ना, संध्याताई?" विचारायची पद्धत अशी की नाही म्हणायला जागाच उरत नाही. हो म्हणाले. घरी आले ती खुर्चीत बसले, चपला काढायलाही उठवेना.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता चर्चच्या क्वायरची गाणी बसवणं म्हणजे नुसतं सुखाचं काम. पण हल्ली सरावाहून आले की डोकं असं जड होतं, जसं काही दिवसभर कुणाचं तरी भांडण सोडवत बसले होते. वय झालं म्हणायचं.

ह्यांनी चहा करून समोर ठेवला. काहीतरी म्हणालेही असतील. नोकरी संपल्यापासून ह्यांचं बोलणंच आटलंय, आणि बोलले तरी तोंडातल्या तोंडात. पूर्वी मी "काय?" म्हटलं की पुन्हा सांगायचे. आता "काही नाही" म्हणतात. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस "काही नाही"वर येऊन थांबतो, दुसरं काय.

६ डिसेंबर, शनिवार

सराव. वरच्या सुरातल्या पोरींचा आवाजच निघत नाही. ज्योत्स्ना तर आमच्या क्वायरचा सगळ्यांत उंच गळा. नर्सची ड्यूटी करून यायची तरी खणखणीत गायची. आज तिला सारखं सांगत होते, मोठ्यानं, अजून मोठ्यानं. बिचारी लालबुंद झाली. शेवटी माझ्या बरोबरीच्या सुमनबाईंनी माझं मनगट धरलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरीचा गळा फाडशील गं!"

लखनला एक नवीनच खोड लागलीय. कीबोर्डवर सुरुवात करायच्या आधी पाय आपटतो. म्हटलं, "हा काय तबेला आहे?" तर म्हणतो, "सवय झालीय बाई, जात नाय आता." शाळेत माझ्याच वर्गात होता. पेठ तालुक्यातून आलेला, बाकावर बोटांनी ताल धरणारा. त्याच्यावर रागवता येत नाही. मी उभी राहते तिथे त्यानं एक लाकडी फळी आणून टाकलीय. "म्हणजे बाई सगळ्यांना दिसतील." एवढी काळजी आहे तर वेळेवर येत जा म्हणावं.

९ डिसेंबर, मंगळवार

शेजारच्या अंबूबाई पुन्हा टीव्हीच्या आवाजाबद्दल सांगून गेल्या. म्हटलं, भिंती बिल्डरनं पातळ बांधल्यात, त्याला आम्ही काय करणार? हे मध्ये पडले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले.

तेजस्विनी पुण्याहून फोन करतच नाही आता, सगळं मेसेजवर. लेकीलाही आईशी दोन शब्द बोलायला वेळ नाही.

१४ डिसेंबर, रविवार

दमले. चर्चच्या शब्बाथशाळेची पोरं घेऊन दुपारभर नाटकाची तालीम. देवदूत झालेली वेदिका तोंडात गोळी ठेवल्यासारखी बोलते. तिला चारदा म्हणायला लावलं तर तिच्या आईनं तोंड फुगवलं. कुणासाठी करतेय मी हे सगळं?

२१ डिसेंबर, रविवार

झालं नाटक. एकदाचं.

लखननं कुठूनसं खरंखुरं करडू आणलं होतं आणि गव्हाणीशेजारी बांधलं होतं. ते आपलं सारखं तोंड उघडत होतं. जांभया देत असेल, नाहीतर भूक लागली असेल. मरियेच्या तोंडची वाक्यं सुरू झाली आणि मंडळीत जी हसाहशी लागली ती थांबेचना. मरिया रडवेली, योसेफ खाली मान घालून खदखदतोय. मला काही समजेना. पोरांची ओढणी सुटली का, मुकुट पडला का, सगळं बघितलं. काहीच नव्हतं.

आणि दुसरं गीत माझ्या हाताची वाट न बघता सुरू झालं. मी पानं नीट करत होते, मान वर केली तर सगळ्यांची तोंडं उघडी! मी मागून धावत जाऊन बस पकडावी तसं त्यांना गाठलं. सगळ्या मंडळीसमोर. सुरुवात केली कुणी, तर ज्योत्स्नानं. ती मान हलवत होती ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाहेर पडताना कुणीतरी माझ्याजवळ येऊन म्हणालं, "करडानं काय सूर लावला, संध्याताई!" मी हसले. सगळ्या मेहनतीवर शेवटी हा टोमणा.

२२ डिसेंबर, सोमवार

रात्रभर तेच डोक्यात. ज्योत्स्नाला माझी जागा हवी असेल तर तिनं समोर येऊन मागावी. असं मागच्या मागे मान हलवून घेऊ नये. हे इथं लिहिताना माझं मन किती लहान झालंय तेही दिसतंय, पण खोटं कशाला लिहू?

ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे बघून सावकाश काहीतरी म्हटलं. मी म्हटलं, "तुम्ही तिचीच बाजू घ्या." हे उठून स्वयंपाकघरात गेले.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. उपासना नीट पार पडली. करंज्या पुरल्या. परवा शनिवारी सुमनबाईंच्या अंगणात क्वायरचं दरवर्षीचं जेवण आणि खेळ आहेत. जायची इच्छा नाही. नाही गेले तर "बाई रुसल्या" म्हणतील.

२८ डिसेंबर, रविवार

आज चर्चला गेले नाही. आठवतंय तेव्हापासून तापाशिवाय पहिल्यांदाच. ह्यांना पाठवलं. घरात कुणी नाही तोवर कालचं लिहून टाकते.

सुमनबाईंच्या अंगणात चिंचेखाली सतरंज्या टाकल्या होत्या. दुपारचं ऊन छान कोवळं होतं, स्वेटर काढावासा वाटेल इतपत. मटण, बाजरीच्या भाकरी, कांदा, आणि कुणीतरी आणलेला केक भाकरीच्या टोपल्याशेजारीच. सगळी खुशीत होती. लखन त्या करडाची नक्कल करत होता, मान वर करून, डोळे फिरवून. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की करडू नाटकभर ओरडत होतं. मरिया बोलायला लागली की तेही ओरडायचं, म्हणून मंडळी हसत होती. मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते. मनात आलं, अरे, मला कसं ऐकू आलं नाही? पण समोर ताट आलं आणि तो विचार तिथेच राहिला.

जेवण झाल्यावर सुमनबाई म्हणाल्या, "चला, कानगोष्ट खेळू." सगळे गोल बसले. पहिल्यानं एक वाक्य मनाशी ठरवायचं, शेजारच्याच्या कानात सांगायचं, त्यानं पुढच्याच्या. शेवटचा मोठ्यानं बोलतो आणि मग वाक्य कुठे बिघडलं ते शोधत एकेकजण मागे यायचं. ज्योत्स्ना घाईघाईनं म्हणाली, "बाई, तुम्ही पहिल्या बसा. वाक्य तुम्हीच द्या."

नाटकापासून मनात होतंच. म्हटलं, "कुठं बसायचं ते मला कळतं." आणि मुद्दाम मध्ये जाऊन बसले.

पहिल्या फेरीत शेजारची मुलगी माझ्या कानाशी आली. कॉलेजला जाणारी, याच वर्षी क्वायरमध्ये आलेली. कानावर नुसती गरम वाफ लागली. एखादं अक्षर आलं असेल, "मा" आणि "उ". मी जमवलं आणि पुढे दिलं, "मामीच्या उटण्याला वास आला." शेवटी निघालं, "मामीच्या उंदराला ताप आला." लोळून लोळून हसले सगळे. मीही हसले. मग शोध लागला. मूळ वाक्य नाताळच्या गोष्टीतल्या ज्ञानी लोकांवर होतं, "मागी लोक उंटावर बसून आले आणि द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले." माझ्यापर्यंत ते जसंच्या तसं आलं होतं.

दुसऱ्या फेरीतही तेच. माझ्या आधीपर्यंत शाबूत, माझ्यानंतर भलतंच. सुमनबाई हात उडवून म्हणाल्या, "ही मुद्दाम करते, हिला ओळखते मी." सगळ्यांनी लगेच मान डोलावली. जरा जास्तच लगेच.

तिसऱ्या फेरीला मी त्या मुलीला उठवलं. म्हटलं, "तुला नीट कुजबुजता येत नाही. लखन, तू ये इथं." लखन येऊन बसला. माझ्या कानाशी वाकला. पुन्हा वाफ.

"नुसता फुंकू नकोस, बोल."

तो पुन्हा वाकला. त्याचा जबडा हलताना माझ्या गालाला जाणवत होता. शब्द मात्र एकही नाही. मी दुसरा कान पुढे केला. तिथेही तसंच.

"अरे बोल ना, लखन!"

मी ओरडले असणार. चिंचेवरचे पक्षी उडाले. सगळं अंगण थांबलं. त्या कॉलेजच्या मुलीचे ओठ हलले, काहीतरी विचारत होती ती, आणि ज्योत्स्नानं पटकन तिच्या हातावर हात ठेवला.

मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या मुलीशिवाय एकही चेहरा चकित झालेला नव्हता.

मी म्हटलं, "सर्दी झालीय मला." "हो हो, थंडीच तशी आहे," सुमनबाई मोठ्यानं, सावकाश म्हणाल्या. माझ्याशी त्या किती दिवसांपासून अशाच मोठ्यानं आणि सावकाश बोलतात, ते त्या वेळी लक्षात आलं.

उठून गेले नाही. बक्षिसं झाली, गंमतीची. उशिरा येणाऱ्याला घड्याळाचं चित्र, जास्त खाणाऱ्याला भाकरी. लखनच्या पिशवीत एक शाल आणि माझ्यासारखा गोल काड्यांचा चष्मा होता. माझी नक्कल बसवली असणार. त्यानं ती पिशवी हळूच सतरंजीखाली सरकवली. ते बघून जेवढं लागलं तेवढं बाकी कशानंच लागलं नाही.

हे मला घ्यायला आले. चालतच निघालो. शरणपूर रोडला लागण्याआधी एका कडुलिंबाखाली मी थांबले आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

हे माझ्या समोर आले, तोंडासमोर तोंड. "दोन वर्षं होत आली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं. कितीदा सांगितलं. पहिल्यांदा म्हटलं, कान दाखवून घेऊ, तर तू म्हणालीस, वांगी नकोत, वरण करू. दुसऱ्यांदा चिडलीस, की सगळं जग कुजबुजतंय त्याला मी काय करू. मग मी सोडून दिलं." मग म्हणाले, "दमलो मी, संध्या. तेच तेच परत सांगून दमतो माणूस."

मला वाटत होतं, दमलेली मी एकटीच आहे.

२९ डिसेंबर, सोमवार

पाळकसाहेबांना फोन केला नाही, मेसेज केला. क्वायर सोडते आहे, प्रकृतीचं कारण. त्यांचं उत्तर आलं, "भेटून बोलू." सगळ्यांना बोलायचं असतं.

३० डिसेंबर, मंगळवार

ज्योत्स्ना आली, रात्रपाळी करून थेट. डोळे सुजलेले. मी दार उघडलं पण बस म्हटलं नाही. ती बसली.

"बाई, तुम्ही सोडू नका."

"तुला हवी होती ना जागा? घे."

ती उठून माझ्या समोर, अगदी उजेडात येऊन बसली. "मला नकोय. माझ्या ड्यूट्या बघा. आणि त्या सगळ्यांना गप्प बसवायचं मला जमतं का? सुमनबाई माझं ऐकतील?"

मग हळूहळू सगळं निघालं. लखन पाय आपटतो तो माझ्यासाठी. लाकडी फळी माझ्यासाठी, म्हणजे आपटल्याचं तळपायांना कळतं. ज्योत्स्ना पहिल्या रांगेत मधोमध उभी राहते ती मला तिचं तोंड दिसावं म्हणून. हे सगळं त्यांनी आपसात, माझ्या पाठीमागे ठरवलेलं.

"म्हणजे मी बाहुली. तुम्ही हलवणार."

"नाही, बाई."

"मी हात चुकीच्या जागी उचलला का कधी? खरं सांग."

तिनं मान खाली घातली, मग मला दिसावं म्हणून पुन्हा वर केली. "उचललाय. मागच्या ईस्टरला. आणि आता नाटकात लखननं सुरुवात वाजवली तरी तुम्ही पानंच बघत होतात. आम्ही थांबलो. त्यानं परत वाजवली. मग मी मान हलवली."

"आणि मला सांगायची कुणाचीच हिंमत झाली नाही?"

"हिंमत काय..." ती रडायला लागली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी सोडून गेला असता. आत्ता गेलात तशा."

मी स्वयंपाकघरात गेले. पोहे केले. ती खाता खाता पेंगत होती. तिला माझ्या पलंगावर झोपवलं.

२ जानेवारी, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरकडे. हे बरोबर होते. एका छोट्या खोलीत बसवून दार लावतात आणि कानावर मोठे गोळे चढवतात. आवाज आला की बटण दाबायचं. परीक्षेला बसल्यासारखं झालं. आवाज आला असं वाटलं की दाबायची, मग वाटायचं, आलाच नव्हता. बाहेरच्या काचेतून ती तंत्रज्ञ मुलगी माझ्याकडे बघत होती तिच्या डोळ्यांवरून अंदाज बांधायला लागले. सवय.

डॉक्टरांनी कागदावरची उतरत जाणारी रेघ दाखवली. खालचे सूर बरेच शाबूत, वरचे गेलेत, दोन्ही कानांत. "बायकांचे, मुलांचे आवाज तुम्हाला पुसट येत असतील," म्हणाले. ज्योत्स्नाला मी "अजून मोठ्यानं" म्हणत होते ते आठवलं. वेदिकेच्या आईचं फुगलेलं तोंडही. आणि ते असंही म्हणाले की कान कमी पडले की डोकं राबतं, त्यानं फार थकवा येतो.

कानात घालायची यंत्रं दिलीत, आधी वापरून बघा म्हणाले.

५ जानेवारी, सोमवार

जग इतकं कर्कश असतं हे विसरलेच होते. ताटाचा आवाज म्हणजे डोक्यात सुरी. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकते. माझ्या चपला फटफट वाजतात. नळ गळतो. हे पापड खातात तेव्हा उठून जावंसं वाटतं. दुपारी काढून ठेवली आणि त्या शांततेत गाढ झोपले. संध्याकाळी ह्यांनी डबी समोर आणून ठेवली. पुन्हा घातली.

१० जानेवारी, शनिवार

सरावाला गेले. आधीच सांगून टाकलं, "आज मी हात हलवणार नाही. बसून ऐकणार आहे. ज्योत्स्ना घेईल."

सगळे परीक्षक आल्यासारखे ताठ झाले.

आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सवय होते. पण सूर कळतो, तेवढं पुरे. आमचे पुरुष दुसऱ्या कडव्यापासून घसरतात, शेवटाला येईतो चांगलेच खाली. सुमनबाईंचा आवाज थरथरतो, फार थरथरतो. ज्योत्स्ना मात्र... तिच्याबद्दल लिहिता येत नाही. तो वरचा सूर लागला तेव्हा मी खुर्चीचा दांडा धरला. हा आवाज माझ्या समोर उभा होता आणि मी त्याला ओरडत होते.

शेवटच्या गीताला राहवलं नाही, मीही गायले. पहिल्याच ओळीत थांबले. माझा स्वतःचा सूर मला ऐकू आला. कुणी कधी बोललं नाही, सुमनबाईसुद्धा नाही.

सगळं झाल्यावर लखन भीत भीत विचारायला आला, "कसं झालं, बाई?"

"बेसूर," मी म्हटलं. "खालच्या सुरातले सगळे. मीसुद्धा."

तो एवढ्या मोठ्यानं हसला की यंत्र किंचाळलं आणि मी कान धरले. मग सगळेच हसायला लागले. त्यात सुटका झाल्याचं हसणं जास्त होतं.

ईस्टरपर्यंत ज्योत्स्ना आणि मी मिळून सराव घेणार आहोत. त्यानंतर ती. ती कुरकुरली, ड्यूटीचं काय म्हणाली, मग हो म्हणाली. मी मुलांना शिकवेन, समोर बसून. गाणार नाही. हे एवढंसं वाक्य लिहायला वेळ लागला.

११ जानेवारी, रविवार

उपासनेहून येऊन आडवी झाले होते. यंत्रं काढायचा कंटाळा आला म्हणून कानातच होती. स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज यायला लागला. पुरुषाचा, हळू, एका लयीत. कोण आलंय बघावं म्हणून उठले.

कुणीच आलं नव्हतं. हे पाठमोरे बसून मटार सोलत होते आणि बोलत होते. भाजीवाल्यानं तोळ्यावर तोलल्यासारखा मटार दिला. चर्चबाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. मनमाडला एकदा जायला हवं, गोटीरामची बायको एकटीच आहे, तो गेला त्या दिवसानंतर आपण कुणी फिरकलो नाही...

"गोटीराम गेला?" मी म्हटलं.

ह्यांचा हात थांबला. मागे वळले. गोटीराम म्हणजे ह्यांचा बालमित्र. आमच्या लग्नात ह्यांच्या शेजारी उभा होता.

"ऑक्टोबरात," हे म्हणाले.

"मला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं होतं." ह्यांचा आवाज मोठा नव्हता, तरी प्रत्येक शब्द आला. "तू भांडी लावत होतीस. म्हणालीस, बरं झालं, या एकदा जाऊन."

मला ते आठवत होतं. हे मनमाडला गेले होते, संध्याकाळी परत आले होते, आणि मी विचारलं होतं, जेवण काय होतं.

"आणि हे असं... तुम्ही रोज एकटेच बोलता?"

"सवय लागली. दिवसभराचं कुठेतरी सांगावं लागतं ना."

मी स्टूल ओढून समोर बसले. मटाराची परात मध्ये घेतली. म्हटलं, "गोटीरामला काय झालं होतं? पहिल्यापासून सांगा."

ह्यांनी सांगितलं. दवाखान्यातलं, त्याच्या बायकोचं, माती देताना पाऊस आला त्याचं. मध्ये दोनदा थांबून चष्मा पुसला. पुष्कळ वेळ सांगत होते. उजव्या कानातलं यंत्र टोचत होतं. काढलं नाही.